एकोणीस दिवसांची उधारी

रविवारी सकाळी साडेसहाला मामाने सर्व्हर रीबूट केला. लिनक्सच्या कर्नलचा सुरक्षा अपडेट आला होता, आणि रविवारी इतक्या सकाळी कुणी गिऱ्हाईक साइट उघडत नाही, हा त्याचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव. मशीन दोन मिनिटांत वर आलं. डेटाबेस उठला, मेल उठला, वेबसर्व्हर मात्र काही केल्या उठेना. पोहे ताटलीत येईपर्यंत चौदा साइट बंद होत्या. येवल्याच्या पैठणीवाल्याची, मालवणच्या एका होमस्टेची, एका प्रकाशकाची, दोन ट्रेकिंग ग्रुपच्या आणि अशाच बाकीच्या.

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये आदल्या रात्रीपासून भाची मुक्कामाला होती. ती बाणेरच्या एका कंपनीत शंभरेक सर्व्हरचं काम बघते, पण त्यांतल्या एकावरही हाताने लॉगिन करून तिला वर्ष उलटलं असेल. तिच्याकडे सगळं स्क्रिप्ट करतात. मामाचं नेमकं उलटं. त्याच्याकडे भाड्याचा एकच सर्व्हर, पण त्यातली फाइल न् फाइल त्याला फडताळातल्या डब्यांसारखी पाठ.

"सर्टिफिकेट संपलं असेल," भाची दारातूनच म्हणाली.

"संपलं असतं तर सर्व्हर सुरू झाला असता."

पहिली खडाखडी इथेच झाली, आणि तिच्यात मामाची बाजू बिनतोड होती. सर्टिफिकेटची मुदत बघणं हे ब्राउझरचं काम आहे. वेबसर्व्हर एंजिनएक्स असो किंवा अपाची, दोघेही मुदत संपलेलं सर्टिफिकेट मुकाट्याने उचलतात आणि सुरू होतात. मग येणाऱ्या माणसाला ब्राउझर इशारा देऊन दारातच अडवतो. सर्व्हर उठतच नसेल, तर तारखेचा संशय पहिल्याच फटक्यात बाजूला ठेवता येतो. उरतात मोजक्या शक्यता: फाइल जागेवर नाही, आहे पण वाचता येत नाही, वाचता येते पण आतला मजकूर बिघडलाय, किंवा सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली एकमेकांची नाहीत.

मामाने एंजिनएक्सची तपासणी चालवली. पडद्यावर पिवळ्या इशाऱ्यांच्या सात-आठ ओळी आल्या, आणि प्रत्येकीत 'स्टेपलिंग इग्नोर्ड' असं काहीतरी होतं. तो तिथेच थबकला. आता भाचीची पाळी होती.

"त्या ओळी सोड रे. तुला फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने ६ ऑगस्ट २०२५ ला ओसीएसपी बंद केलं. सर्टिफिकेट रद्द झालंय का, हे विचारायचा पत्ता आता नव्या सर्टिफिकेटात नसतोच. तुझ्या कॉन्फिगमध्ये जुनी स्टेपलिंगची ओळ राहिलीये, म्हणून एंजिनएक्स कुरकुर करतंय. ती नुसती वॉर्निंग आहे. तिच्यामुळे सर्व्हर अडत नाही. 'एमर्ज' असं लिहिलेली ओळ शोध."

ती ओळ तळाशी होती. एंजिनएक्स पहिल्या गंभीर चुकीपाशीच थांबतं, त्यामुळे ती शेवटी येते; आणि म्हणूनच एक चूक निस्तरली की तिच्यामागे दुसरी उभी असू शकते. त्या ओळीत होमस्टेच्या किल्लीच्या फाइलचं नाव होतं आणि पुढे 'की व्हॅल्यूज मिसमॅच'. म्हणजे कुलूप एकीकडचं, किल्ली दुसरीकडची.

मामाने खणातून वही काढली. २००५ सालापासूनची ती वही. तिच्यात शाईने उतरवलेल्या आज्ञा. कुलूप-किल्लीची जोडी तपासायची त्याची रीत अशी: सर्टिफिकेटातला 'मॉड्युलस' काढायचा, किल्लीतला 'मॉड्युलस' काढायचा, दोन्हींचा हॅश ताडून बघायचा. त्याने तसं केलं. किल्लीपाशी आल्यावर ओपनएसएसएलने सांगितलं, ही आरएसए किल्लीच नाही.

"वही म्हातारी झाली तुझी," भाची हसली. "मॉड्युलस असतो तो आरएसएमध्ये. तुझी सर्टिफिकेटं काढून देणारं ते सर्टबॉट, त्याचं २.० आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि तेव्हापासून ते नवीन सर्टिफिकेट काढताना आपणहून ईसीडीएसए किल्ली बनवतं. हे तू गेल्या वर्षी नव्याने काढलंस ना? मग झालं. सर्टिफिकेटातून पब्लिक की बाहेर काढ, खासगी किल्लीतूनही पब्लिक की बाहेर काढ, आणि दोन्ही ताडून बघ. किल्ली कुठल्याही जातीची असो, हे चालतं."

दोन्ही हॅश वेगळे आले. मामाने वहीतली ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली आणि बाजूला तारीख घातली.

मग त्याने फाइलींच्या तारखा पाहिल्या आणि सगळा उलगडा झाला. सर्टिफिकेटच्या फाइलवर एकोणीस दिवसांपूर्वीची तारीख, किल्लीवर जवळजवळ अडीच महिन्यांपूर्वीची.

होमस्टेचं सर्टिफिकेट एकेकाळी विकत घेतलेलं होतं. तेव्हापासून त्याच्या फाइली मामाने स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात ठेवल्या होत्या, आणि लेट्स एन्क्रिप्टवर आल्यानंतरही ती सवय सुटली नाही. सर्टबॉट स्वतःच्या 'लाइव्ह' फोल्डरात नवीन सर्टिफिकेट आणतं. मामा तिथून ते आपल्या फोल्डरात कॉपी करतो. त्या दिवशी त्याने सर्टिफिकेट उचललं आणि किल्ली जुनीच राहू दिली. विकतच्या सर्टिफिकेटांच्या काळात हे खपायचं, कारण बरेच जण वर्षानुवर्षं एकाच किल्लीवर नूतनीकरण करत. सर्टबॉटला मात्र मुद्दाम सांगितलं नाही, तर ते दर नूतनीकरणाला नवी किल्ली घडवतं. त्या दिवशी कॉपी झाली आणि तेवढ्यात सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा फोन आला, मामा खाली गेला, आणि रीलोड करायचं राहूनच गेलं.

"म्हणजे एकोणीस दिवस साइट जुन्याच सर्टिफिकेटवर चालली," भाची म्हणाली.

"जुन्याच म्हणजे, सर्व्हरने शेवटचं वाचलेल्या. एंजिनएक्स या फाइली वाचतं ते सुरू होताना आणि रीलोडच्या वेळी. मधे डिस्कवर काय उलथापालथ होते, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुनी जोडी त्याच्या मेमरीत शाबूत होती. आज रीबूट केला, मेमरी पुसली गेली, आणि त्याच्यापुढे ही विजोड जोडी आली."

"आणि रीबूट केला नसतास तरी सुटका नव्हती. सर्टबॉट तीस दिवस शिल्लक असताना नूतनीकरण करतं. एकोणीस गेले. अकरा दिवसांनी मेमरीतलं सर्टिफिकेट संपलं असतं, आणि तू डिस्कवरची फाइल बघून शपथेवर सांगितलं असतंस, की सर्टिफिकेट तर नवंकोरं आहे."

मामाने किल्ली कॉपी केली, तपासणी पास झाली, सर्व्हर उठला. दोन मिनिटांचं काम. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता खरा वाद सुरू झाला.

"मला राग येतो तो सर्व्हरचा," भाची म्हणाली. "होमस्टेची एक फाइल बिघडली. पैठणीवाल्याने काय घोडं मारलं होतं? तेरा साइटींच्या फाइली धडधाकट असताना एकीसाठी सगळ्यांना घरी बसवायचं, हा कुठला न्याय? बिघडलेली साइट बाजूला ठेव आणि बाकीच्या चालव. इतकं साधं आहे."

"साधं नाही. होमस्टेच्या पत्त्यावर कुणी आलं तर सर्व्हरने दाखवायचं काय? किल्लीशिवाय टीएलएसचा हँडशेकच होत नाही. तो ब्लॉक गाळून टाकला तर येणारा माणूस यादीतल्या पहिल्या साइटवर जाऊन पडेल. मालवणच्या खोल्या बघायला गेलेल्याला पैठणीवाल्याचं सर्टिफिकेट आणि वर ब्राउझरचा इशारा. त्यापेक्षा सुरू न झालेला बरा. निदान मला कळतं तरी."

"कळलं कधी? रविवारी सकाळी, चौदा साइट बंद पडल्यावर."

"रीलोड केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, आणि एकही साइट बंद पडली नसती. रीलोडला एंजिनएक्स आधी नवं कॉन्फिग वाचून बघतं. जमलं नाही तर तक्रार नोंदवतं आणि जुन्यावरच चालू राहतं. रीस्टार्ट म्हणजे आधीचं पाडून मग नवं बांधायचं. नव्याचा पाया कच्चा निघाला तर जुनंही हातचं गेलेलं असतं. चूक सर्व्हरची नाही, मी रीलोड विसरलो त्याची आहे."

भाचीने हे मान्य केलं, पण हट्ट सोडला नाही. तिच्या मते वेगळ्या वाटा आहेत आणि त्या वापरातही आहेत. २०१५ साली आलेला कॅडी हा वेबसर्व्हर सर्टिफिकेट स्वतःच मिळवतो, स्वतःच बदलतो. कॉपी करायला फाइलच नसते. अपाचीच्या २.४ मालिकेत २०१८ पासून 'मॉड-एमडी' आहे. सर्टिफिकेट अजून हाती आलेलं नसेल तर ते तात्पुरतं, स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट लावतं आणि त्या साइटपुरतं ५०३ दाखवतं, बाकीचा सर्व्हर चालू राहतो. आणि एंजिनएक्समध्येही १.१५.९ पासून सर्टिफिकेटच्या फाइलच्या नावात व्हेरिएबल वापरता येतं. मग ती फाइल सुरुवातीला वाचलीच जात नाही, गिऱ्हाईक आल्यावर त्या हँडशेकपुरती वाचली जाते. एकीची फाइल हरवली तरी सर्व्हर उठतो.

"त्याची किंमतही सांग ना," मामा म्हणाला. "एंजिनएक्सची मुख्य प्रोसेस रूट असते. किल्ली ती वाचते आणि मग काम हलक्या अधिकाराच्या वर्करांकडे सोपवते. तुझ्या रीतीत किल्ली वर्करलाच वाचायला द्यावी लागणार. म्हणजे तिजोरीची चावी गल्ल्यावरच्या पोऱ्याकडे. शिवाय दर हँडशेकला फाइल वाचण्याचा बोजा. आणि चूक कुणाला दिसणार? रात्री तीन वाजता अमेरिकेतून खोली बुक करणाऱ्याला. माझी चूक मला सकाळी साडेसहाला दिसली, ते परवडलं."

इथे मामाने एक गोष्ट कबूल केली, ती त्याच्या जुन्या लाडक्या अपाचीबद्दलची. वर्षानुवर्षं तो कॉन्फिगटेस्ट चालवायचा, 'सिंटॅक्स ओके' वाचायचा आणि निर्धास्त रीस्टार्ट करायचा. एकदा 'सिंटॅक्स ओके' आलं आणि अपाची पडला तो पडलाच. तेव्हा त्याला उमगलं, की ही तपासणी बघते फक्त कॉन्फिगचं व्याकरण. सर्टिफिकेटची फाइल जागेवर नसेल तर ती सांगते. पण किल्ली त्या सर्टिफिकेटची आहे की नाही, हे अपाची त्याच्या पुढच्या टप्प्यात, खरोखर सुरू होताना पाहतो. एंजिनएक्सची तपासणी तशी नाही. ती फाइली खरंच उघडते आणि जोडी जुळवून बघते. दोन्ही आज्ञांचा हेतू एकच, भरवसा मात्र सारखा ठेवता येत नाही.

"हेच म्हणतेय मी!" भाची पुढे सरसावली. "कुठली तपासणी काय बघते आणि काय बघत नाही, हे डोक्यात ठेवणारा माणूस कधीतरी टँकरच्या फोनला उठतोच. तू किती प्रकारे चुकला असशील आजवर, सांग बरं."

मामाने बोटं मोजली. साखळीच्या फाइलीत मधलं सर्टिफिकेट आधी आणि सर्व्हरचं नंतर ठेवलं होतं. एंजिनएक्स किल्ली पहिल्याच सर्टिफिकेटाशी ताडतं, त्यामुळे तिथेही आजचाच संदेश आला, आणि तो दोन तास किल्लीवरच संशय घेत बसला. एकदा दोन फाइली जोडताना पहिलीच्या शेवटी नवी ओळ नव्हती. 'एंड सर्टिफिकेट'च्या रेघांना लागूनच 'बिगिन'च्या रेघा आल्या, दहा रेघांची सलग रांग झाली आणि ओपनएसएसएल 'बॅड एंड लाइन' म्हणून अडून बसलं. एकदा गिऱ्हाइकाने किल्ली विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह करून पाठवली. सुरुवातीला न दिसणारी तीन बाइटांची बीओएम खूण चिकटली होती. फाइल डोळ्यांना अगदी बरोबर, आणि संदेश 'नो स्टार्ट लाइन'. एकदा किल्लीला पासफ्रेज होता. हाताने सुरू केला तेव्हा टाइप केला, पण रात्री वीज जाऊन मशीन आपोआप उठलं, तेव्हा पासफ्रेज सांगायला तिथे कुणी नव्हतं.

"आणि तो रॉकी लिनक्सचा किस्सा," तो म्हणाला. "मालक रूट, परवानग्या बरोबर, हाताने तपासणी केली की पास, सिस्टमडीने सुरू करायला गेलो की 'परमिशन डिनाइड'. वेड लागायची पाळी. फाइल मी होम फोल्डरातून कॉपी न करता मूव्ह केली होती. एसईलिनक्सचं घरचं लेबल तिच्याबरोबर तसंच आलं. परवानग्यांना एक 'झेड' जोडून यादी काढली तेव्हा दिसलं. लेबल दुरुस्त करायची आज्ञा दिली, सर्व्हर उठला."

भाचीने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "यातलं एकही सर्टबॉटने केलेलं नाही. सगळं तू केलंयस."

यावर मामाकडे उत्तर नव्हतं. मग तिने आकडे काढले. सर्टिफिकेट एकेकाळी पाच वर्षांचं मिळायचं. २०१५ मध्ये ३९ महिन्यांची मर्यादा आली, मार्च २०१८ पासून ८२५ दिवस, १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस. एप्रिल २०२५ मध्ये सीए/ब्राउझर फोरमने अॅपलचा प्रस्ताव मंजूर केला: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. "४७ दिवसांचं सर्टिफिकेट महिन्याला एकदा बदलायचं धरलं, तर चौदा साइटींचे वर्षाला १६८ वेळा. तितक्या वेळा दोन फाइली कॉपी करणार आहेस तू? ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमध्ये ओ-टूच्या तीन कोटींच्या आसपास लोकांचा मोबाइल डेटा गेला होता. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलेलं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. माणसाने तारखा लक्षात ठेवायच्या, हे मोठ्या कंपन्यांनाही जमलेलं नाही."

"बरं," मामा म्हणाला. "पण तुझं सर्टबॉट तरी काय करतं? नूतनीकरण करून फाइल ठेवतं. रीलोडचा हुक लावायचा राहिला तर तेही माझ्यासारखंच फाइल बदलून गप्प बसतं. पूर्वी लेट्स एन्क्रिप्टची मुदतीची आठवण करणारी मेल तरी यायची. ४ जून २०२५ पासून तीही बंद. मग लक्ष कोण ठेवणार? स्क्रिप्टवर दुसरी स्क्रिप्ट?"

"हो. दुसरी स्क्रिप्ट."

तो हसला, पण ती गंभीर होती. लॅपटॉप पुढ्यात ओढून तिने पंधरा ओळी लिहिल्या. रोज रात्री दोन कामं. एक, सर्व्हरला हात न लावता एंजिनएक्सची तपासणी, म्हणजे आज रीबूट झालं असतं तर सर्व्हर उठला असता का, याचं उत्तर. दुसरं, चौदाही साइटींशी बाहेरून जोडून घ्यायचं, सर्व्हर खरोखर जे सर्टिफिकेट देतोय त्याचा फिंगरप्रिंट घ्यायचा आणि डिस्कवरच्या फाइलीच्या फिंगरप्रिंटशी ताडायचा. दोन्ही वेगळे निघाले, म्हणजे फाइल बदललीये आणि रीलोड राहिलंय. कशातही गडबड दिसली की मामाच्या फोनवर संदेश.

मामाने स्क्रिप्ट ओळीने वाचली आणि एक दुरुस्ती सुचवली. तपासणी पास की नापास, एवढाच निकाल तिने घेतला होता. त्याने 'एमर्ज'ची अख्खी ओळ संदेशात घालायला लावली. रात्री फोन वाजला तर फाइलचं नाव तिथल्या तिथे दिसायला हवं, लॅपटॉप उघडून पुन्हा पिवळ्या ओळी चाळायच्या नाहीत. तिला ते पटलं. मग तिने आग्रह धरला, की मामाचा वेगळा फोल्डर जायला हवा आणि कॉन्फिगमध्ये थेट सर्टबॉटच्या 'लाइव्ह' फोल्डरातली साखळी आणि किल्ली द्यायला हवी. तिथले दुवे सर्टबॉट दर वेळी जोडीने हलवतं. एक नवी आणि एक जुनी अशी गत तिथे होत नाही. तेरा साइटींचं आधीच तसं होतं. चौदावीचंही दहा मिनिटांत झालं. रीलोडचा हुकही लागला, आणि स्टेपलिंगच्या जुन्या ओळी निघाल्या, तेव्हा पिवळे इशारेही गेले.

स्क्रिप्ट चालते का, हे बघायला मामाने मुद्दाम एका चाचणीच्या साइटची साखळी उलटी केली, रीलोड केलं नाही, आणि स्क्रिप्ट हाताने चालवली. फोन टेबलावर थरथरला. संदेशात एमर्जची ओळ होती, फाइलच्या नावासकट.

"कॅडीवर कधी जायचं?" भाचीने निघताना विचारलं.

"चौदा साइट हव्या तर ने. माझी ट्रेकच्या डायरीची साइट सोडून."

पंधरावी साइट आहे हे तिला तेव्हा कळलं. ती मामाच्या जुन्या लॅपटॉपवर, अपाचीवर चालते. सर्टिफिकेट तो हातानेच बदलतो, वही शेजारी उघडी ठेवून. भाचीने पायात चपला सरकवता सरकवता फोन काढला आणि तिचाही पत्ता यादीत घातला. मामाने बघितलं, पण काही बोलला नाही.